भरपाई, लाभ आणि अनुदान : अपंग कामगाराच्या अर्ध्या रोजाचा इतिहास (वालचंदनगरच्या परिसराच्या संदर्भात)

वालचंदनगर हे जुने गाव नव्हे. इंदापूर तालुक्यातील कळंब गावच्या शिवारात, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांच्या कंपनीने उसाचा मळा पिकविला आणि १९३४ च्या सुमारास तेथे साखर कारखाना सुरू केला. पुढे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रसामग्री घडविणारी मोठी यंत्रशाळा त्याच वसाहतीत वाढली. सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रे, बॉयलर, दातेरी चक्रे आणि अखेरीस अवकाशसंशोधनाच्या अग्निबाणांचे भाग अशी तिची चढती मजल आहे. वालचंदनगरचा इतिहास म्हणून सामान्यतः हाच सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय यापेक्षा लहान, परंतु त्याच वसाहतीच्या पोटातील आहे. कामावर जायबंदी झालेल्या कामगारास भरपाई किंवा साहाय्य मिळत असता, त्याच काळात त्याच्या हातून जे थोडेबहुत काम होऊ शकते ते त्याने करावे की न करावे, आणि केल्यास त्याच्या हाती येणाऱ्या रकमेचे काय व्हावे, हा तो प्रश्न होय.

प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो अपंगत्व म्हणजे काय याविषयीच्या कल्पनेचा आहे. जायबंदी झालेला माणूस एक तर पूर्ण कामाचा असतो किंवा मुळीच कामाचा नसतो, असे व्यवहारात फारच क्वचित घडते. हात प्लास्टरमध्ये असलेला फिटर लेथवर उभा राहू शकत नाही; पण भांडारात बसून सुट्या भागांची नोंद ठेवू शकतो. पायाला इजा झालेला कामगार गव्हाणीपाशी उभा राहू शकत नाही. पण काट्यावर बसून गाड्यांची वजने टिपून घेऊ शकतो. दोन-तीन तासांनंतर तो थकेल, हे खरे; तथापि ते दोन-तीन तास त्याच्यापाशी असतात. मराठी बोलीने ही स्थिती फार पूर्वीच ओळखली आहे. ‘रोज’ या शब्दाचा अर्थ दिवस असाही आहे आणि दिवसाची मजुरी असाही आहे. ‘अर्धा रोज’ म्हणताच अर्ध्या दिवसाचे काम आणि अर्धी मजुरी असे दोन्ही अर्थ एकदम व्यक्त होतात. कायद्याच्या भाषेला हा अर्धा रोज कधी दिसला आणि कधी दिसेनासा झाला, याचा मागोवा घेतला असता तीन शब्द समोर येतात : भरपाई, लाभ आणि अनुदान. हे तिन्ही शब्द रोजच्या वापरात एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. परंतु त्यांच्यामागील तत्त्वे भिन्न आहेत, इतकेच नव्हे तर अर्ध्या रोजाच्या बाबतीत ती परस्परविरोधी आहेत.

कायद्याच्या पूर्वीची स्थिती थोडक्यात सांगता येते. मराठी राज्यात रणात पडलेल्या शिपायाच्या कुटुंबास ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळे. गावगाड्यात वतनाचे उत्पन्न हे शरीरश्रमाला नव्हे, तर हक्काला जोडलेले असल्याने वतनदार अज्ञान असो, स्त्री असो वा शरीराने असमर्थ असो, त्याच्या वतीने दुसरा काम करी आणि हक्क मूळ घराण्यात राही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याला वतन नव्हते त्याला हे छत्रही नव्हते, आणि बलुत्याच्या खालच्या पायरीवरील माणसाच्या वाट्याला काय येई हे सर्वश्रुत आहे. मात्र उत्पन्न आणि हाताचे श्रम यांची गाठ दर दिवसाच्या हजेरीने बांधलेली नव्हती. ती गाठ गिरण्यांनी बांधली. मुंबईच्या गिरणीत ज्याचा हात पट्ट्यात सापडला, त्याची हजेरी दुसऱ्या दिवसापासून बंद होई. अपघाती मृत्यूबाबत १८५५ चा एक कायदा होता खरा. परंतु त्याखाली दिवाणी दावा लावून मालकाची चूक सिद्ध करावी लागे. मजुराच्या विधवेने ती सिद्ध करावी ही अपेक्षा कागदावरच राहण्यासारखी होती.

या स्थितीत १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून १९२१ पासून बसणारे नारायण मल्हार जोशी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. कायद्याचा मुख्य विशेष असा की मालकाची चूक सिद्ध करण्याची अट त्याने काढून टाकली. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला एवढे पुरे. मूळ कायद्यात पहिल्या दहा दिवसांची भरपाई नव्हती. रॉयल कमिशन ऑन लेबर या मंडळाच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ च्या दुरुस्तीने हा काळ सात दिवसांवर आणि १९५९ मध्ये तीन दिवसांवर आला. जोशी त्या मंडळाचे सदस्य होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकाला या कायद्याची व्याख्याकलमे विशेष मननीय वाटतील. त्याने ‘अपंगत्व’ शरीराच्या संदर्भात मोजलेच नाही. ते कमाईच्या संदर्भात मोजले. तात्पुरते अंशतः अपंगत्व म्हणजे अपघाताच्या वेळी कामगार जे काम करीत होता त्यातील कमाईची शक्ती घटणे. कायमचे अंशतः अपंगत्व म्हणजे त्या वेळी तो जी जी कामे करू शकला असता त्या सर्वांतील कमाईची शक्ती घटणे. आणि पूर्ण अपंगत्व म्हणजे त्याला करता येण्यासारख्या सर्व कामांना तो मुकणे. शरीराची हानी ही केवळ कारण. परिणाम मोजायचा तो मजुरीत. या दृष्टीने कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची वाचण्यासारखी आहे. उजवा हात कोपरापाशी किंवा त्याच्या वर गेला तर कमाईच्या शक्तीची हानी ७० टक्के, डावा गेला तर ६० टक्के. अंगठा २५, एक डोळा ३०, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५ टक्के. उजव्या-डाव्यातील हा भेद उघडच कामाच्या दृष्टीने केलेला आहे. शरीरशास्त्राला तो ठाऊक नाही. डावखुऱ्या कामगाराचे काय, हा प्रश्न कर्त्यांना सुचला नसावा! १९६२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने लिहिली गेली तेव्हा हा भेद गेला आणि आकडेही बदलले : अंगठ्याचे ३०, तर्जनीचे १४, एका डोळ्याचे ४०.

कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एकरकमी भरपाई होती. ती मिळाल्यावर कामगाराने काम करावे की नाही याविषयी कायदा मौन पाळतो, आणि ते योग्यच आहे. कारण उरलेली शक्ती त्याची स्वतःची आहे असे अनुसूचीतील टक्केवारीनेच मान्य केले होते. खरी कसोटी तात्पुरत्या अपंगत्वाची. येथे कायद्याने पंधरवड्यागणिक द्यावयाची रक्कम ठरविली. मूळ १९२३ च्या पाठात प्रौढ कामगारासाठी ती मासिक मजुरीच्या चतुर्थांशाइतकी, पण १५ रुपयांहून अधिक नाही, अशी होती, आणि अपंगत्व पूर्ण असो वा अंशतः, ती जास्तीत जास्त पाच वर्षे चालावयाची होती. याच ठिकाणी कर्त्यांनी एक परंतुक घातले. अपघातापूर्वीच्या मासिक मजुरीचा अर्धा भाग आणि अपघातानंतर कामगार मिळवीत असलेल्या मासिक मजुरीचा अर्धा भाग यांच्यात जेवढे अंतर असेल, तेवढ्याहून पंधरवड्याची रक्कम अधिक असू नये.

वाक्य रुक्ष आहे. उदाहरणाने त्यातील आशय स्पष्ट होईल. एखाद्या कामगाराची मासिक मजुरी ४० रुपये होती असे समजा. अपघातानंतर तो घरीच असेल तर त्यास पंधरवड्याला १० रुपये, म्हणजे पूर्वीच्या कमाईच्या निम्मे मिळत. आता त्याने अर्धे काम पत्करले आणि महिन्याला २० रुपये मिळविले, तर परंतुकाने काढलेले अंतर २० उणे १०, म्हणजे १० रुपये भरते. त्याची पंधरवड्याची रक्कम एका पैशानेही घटत नाही. मजुरीचे १० आणि भरपाईचे १० मिळून पंधरवड्याला २० रुपये, म्हणजे अपघातापूर्वीची पूर्ण कमाई त्याच्या घरात येते. त्याने आणखी थोडे काम करून महिन्याला ३० मिळविले तर अंतर ५ उरते, भरपाई तेवढीच मिळते आणि एकूण पुन्हा २० च. सारांशाने सांगायचे तर निम्म्या मजुरीपर्यंतचे काम पूर्णपणे त्याच्या पदरात पडते. त्यापुढे मजुरी वाढेल तशी भरपाई कमी होत जाते. आणि कोणत्याही टप्प्यावर काम केल्यामुळे तो घरी बसलेल्या स्वतःपेक्षा गरीब होत नाही. ‘भरपाई’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. मापात जेवढे कमी पडले तेवढे भरून द्यायचे, एवढाच तिचा व्यवहार.

ही वजाबाकी मुळात इंग्लंडमधील १९०६ च्या कायद्यावरून आलेली दिसते. मात्र दोन्ही पाठांत एक लहानसा भेद आहे व तो लहान असूनही महत्त्वाचा आहे. इंग्रजी कायद्याने कामगार ‘मिळवीत असलेली किंवा मिळवू शकेल अशी’ मजुरी हिशेबात धरली होती. भारतीय परंतुकात केवळ ‘मिळवीत असलेली’ मजुरी आहे. त्यामुळे ‘तुला हलके काम करता आले असते, तू केले नाहीस’ असे म्हणून मालकाने या परंतुकाच्या आधारे रक्कम कापण्यास वाव उरला नाही. काम करण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. आपल्याकडील कायदेलेखनात विलायतेची नक्कलच तेवढी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे एक क्रियापद पाहावे.

वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला तो या कायद्याच्या अमलात. साखर कारखान्यातील काम इतर कारखान्यांतील कामासारखे बारमाही नसते. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू होतो आणि ऊस संपला की धुराडे थंडावते. हंगामात चरकाचे लाट, उकळता रस, मळीच्या टाक्या, वाफेचे नळ यांच्या सान्निध्यात पाळ्यांनी काम चालते. अपघाताचा संभव याच काळात अधिक. हंगामी कामगारांपैकी ज्यांची नोकरी पुढील हंगामासाठी राखलेली असते, त्यांना बिगरहंगामात मूळ पगाराचा काही हिस्सा ‘रिटेन्शन’ म्हणून देण्याची पद्धतही या धंद्यात रूढ झाली. काम नसता हाती येणारी ही रक्कम घेत असताना कामगार आपल्या शेतावर राबला तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ही तुलना पूर्ण नाही, कारण रिटेन्शन हे आजाराचे साहाय्य नव्हे. परंतु अर्धी मिळकत घेऊन अर्धे काम करणे ही गोष्ट नीरेकाठच्या कामगाराला अपरिचित नव्हती, एवढे त्यावरून कळते.

यानंतरचा टप्पा १९४८ चा. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. मजूर खाते त्या काळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांची योजना कापड, यंत्रोद्योग आणि खनिजे व धातू या तीन उद्योगांपुरती होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक व राव या तज्ज्ञांनी ती सर्व बारमाही कारखान्यांपर्यंत वाढविण्याची सूचना केली. त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला.

या योजनेचे श्रेय कमी लेखता येणार नाही. १९२३ च्या कायद्यात कामगाराला मालकाकडे मागणी करावी लागे, वाद झाल्यास आयुक्तापुढे उभे राहावे लागे आणि एकरकमी मिळालेली भरपाई कर्जात किंवा लग्नकार्यात विरून जाई. विमा योजनेत औषधोपचार आला, पैसे महामंडळाकडून मिळू लागले, आणि कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमेऐवजी जन्मभराचा नियमित लाभ आला. तात्पुरत्या अपंगत्वाच्या लाभाचा दर अखेरीस सरासरी दैनिक मजुरीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचला. जुन्या चतुर्थांशाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

परंतु या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. १९४८ च्या कायद्यात तात्पुरते अपंगत्व ‘अंशतः’ उरलेच नाही. इजेमुळे ज्याला उपचारांची गरज आहे आणि जो पूर्वीचे काम करण्यास तूर्त असमर्थ आहे, तो तात्पुरता अपंग, अशी व्याख्या अखेरच्या रूपात स्थिरावली. आणि कलम ६३ ने स्पष्ट केले की ज्या कोणत्याही दिवशी माणूस काम करतो, किंवा मजुरीसह रजेवर वा सुट्टीवर असतो, किंवा संपावर असतो, त्या दिवशी त्याला आजारपणाचा वा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळणार नाही. कलम ६४ प्रमाणे त्याने उपचाराखाली राहावे आणि बरे होण्यास बाधा येईल असे काही करू नये, हेही होते. दुसरीकडे, विमा उतरविलेल्या कामगाराला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागण्यास कलम ५३ ने मनाई केली. याचा अर्थ असा की जुनी वजाबाकी त्याच्यासाठी संपुष्टात आली.

पुन्हा हिशेब करून पाहावा. दिवसाला ६०० रुपये मिळविणारा यंत्रशाळेतील कामगार घरी असेल तर त्यास दिवसाचे ५४० रुपये मिळत. त्याने चार तास बसून करण्याजोगे काम पत्करून ३०० रुपये मिळविले, तर तो दिवस ‘काम केलेला दिवस’ झाला आणि ५४० रुपये गेले. काम केल्याबद्दल त्याला २४० रुपयांचा तोटा सोसावा लागे. असे काम कोण करील? केले तर लपवून करील. आणि लपवून केलेल्या कामाला हजेरी नसते, मजुरीची पावती नसते आणि पुन्हा इजा झाली तर भरपाईही नसते.

असे का झाले असावे, याचा विचार करणे उचित ठरेल. विम्यात रक्कम कोणा एका मालकाच्या खिशातून जात नाही, सर्वांच्या वर्गणीतून जाते. त्यामुळे दुरुपयोगाची शंका मोठी असते. डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर सारी व्यवस्था उभी, आणि प्रमाणपत्राला दोनच उत्तरे येतात : कामास योग्य, कामास अयोग्य. प्रथम प्रमाणपत्र, मध्यंतरीचे प्रमाणपत्र आणि अंतिम प्रमाणपत्र अशी त्याची चढण असे. ‘अर्ध्या दिवसापुरता योग्य’ अशा प्रमाणपत्राला तीत जागा नव्हती. पण सर्वांत निर्णायक ठरला तो एकक. १९२३ च्या कायद्याने पंधरवडा हे माप घेतले आणि त्यात मजुरीची बेरीज-वजाबाकी केली. १९४८ च्या कायद्याने दिवस हे माप घेतले, आणि दिवस एकदा काम केलेला किंवा न केलेला असे म्हटले की त्याचे तुकडे पडत नाहीत. बोलीतील ‘रोज’ अर्धा होऊ शकतो; कलम ६३ मधील दिवस अर्धा होऊ शकत नव्हता. ‘लाभ’ हा शब्दही येथे सूचक आहे. लाभ भरून काढत नाही. तो मिळतो किंवा मिळत नाही.

मौज अशी की त्याच कायद्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्याला काम करण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. बोट गमावलेला कामगार जन्मभर आपल्या टक्केवारीप्रमाणे लाभ घेत असता त्याच यंत्रावर पूर्ण पगाराने काम करू शकत होता, व अनेकांना ते साधले. म्हणजे ज्याची हानी कायमची ठरली त्याचे उरलेले सामर्थ्य कायद्याला दिसत होते. जो अद्याप बरा होत होता त्याचे मात्र दिसत नव्हते. वैद्यकदृष्ट्या हलक्या कामाची गरज याच दुसऱ्या माणसाला अधिक असते.

टक्केवारीच्या बाबतीत न्यायालयांनी पुढे बराच विचार केला. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. चित्रपटगृहातील सजावटीचे काम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूचीच्या मापाने ही हानी पूर्ण नव्हती. परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्वच होय, असे न्यायालयाने मानले. निर्णय न्याय्य आहे यात शंका नाही. १९२३ च्या व्याख्याकारांना जो अर्थ अभिप्रेत होता, म्हणजे शरीर नव्हे तर काम हे माप, त्याकडेच तो परत जातो.

याउलट १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणि त्यानंतर २०१६ च्या कायद्याने जी टक्केवारी रूढ केली, ती शरीराची आहे. वैद्यकीय मंडळ ४० टक्के किंवा अधिक असा दाखला देते तेव्हा त्या माणसाच्या कामाविषयी ते काहीच म्हणत नाही. मराठीत या दोन्हींना ‘अपंगत्वाची टक्केवारी’ असेच म्हणतात, आणि त्यामुळे घोटाळा होतो. इंग्रजीत ‘डिसेबलमेंट’ आणि ‘डिसॅबिलिटी’ असे दोन शब्द या दोन कल्पनांसाठी कायद्यांनी वापरले; आपल्या परिभाषाकारांनी दोहोंना एकच प्रतिशब्द दिला. पुढे ‘अपंग’च्या जागी ‘विकलांग’ आणि ‘दिव्यांग’ हे शब्द आले, त्यांच्या सौजन्याविषयी बरीच चर्चाही झाली; पण ‘कमाईच्या शक्तीची हानी’ या कल्पनेला स्वतंत्र, सुटसुटीत मराठी शब्द मिळाला नाही तो नाहीच. सुताराच्या प्रकरणातील भेद एखाद्या कामगाराला मराठीत समजावून सांगण्याचा प्रसंग ज्यावर येईल, त्याला ही उणीव पदोपदी जाणवेल.

आता हलके काम देणे मालकावर बंधनकारक होते काय? खासगी कारखान्यापुरते याचे उत्तर नकारार्थी आहे. नोकरीत असता अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढू नये, समान वेतनावर दुसऱ्या पदावर न्यावे, ही १९९५ च्या कायद्यातील ४७ व्या कलमाची हमी शासकीय व तत्सम आस्थापनांसाठी होती. २०१६ च्या कायद्यानेही ती शासकीय आस्थापनांपुरतीच ठेवली. औद्योगिक विवाद कायद्याने तर सततच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे केलेली सेवासमाप्ती ‘कपाती’च्या व्याख्येतून वगळली होती, म्हणजे अशा कामगाराला कपातीचा मोबदलाही नाही. तेव्हा भांडारातील किंवा काट्यावरील बैठे काम मिळणे हे मुकादमाच्या, खातेप्रमुखाच्या किंवा युनियनच्या शब्दावर अवलंबून राहिले. कामगारवसाहतीत सर्वजण एकमेकांना ओळखत असल्याने असा शब्द टाकणारा माणूस बहुधा सापडे, हा वसाहतीचा एक गुण मानला पाहिजे. पण तो गुण कायद्याचा नव्हे.

वालचंदनगरच्या बाबतीत या दोन कायद्यांची सीमारेषा एका वेगळ्याच ठिकाणाहून जाते. १९४८ चा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत कापूस पिंजणे, चहा, कॉफी, नीळ, लाख यांच्या बरोबरीने साखर व गूळ यांचाही उल्लेख आहे. यंत्रशाळा मात्र हंगामी नव्हे. अधिसूचनेने विमा योजना जेथे लागू होई तेथे ती तिच्या कक्षेत येई. परिणामी, चरकावरील कामगार १९२३ च्या वजाबाकीखाली आणि चरक घडविणारा कामगार १९४८ च्या दिवसाखाली, अशी दोन धंद्यांची विभागणी कायद्यातच होती. पहिल्याला रक्कम कमी, पण अर्ध्या रोजाची मुभा. दुसऱ्याला रक्कम भरघोस, पण अर्ध्या रोजाची बंदी. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथील सहकारी साखर कारखान्यांनाही हेच लागू पडते. साखर कामगार विम्याबाहेर राहिला याची खंत वाजवी आहे; मात्र त्याच्यापाशी जी एक जुनी सवलत शिल्लक होती तिची दखल कोणी घेतलेली दिसत नाही.

कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की तिसऱ्या शब्दाचे क्षेत्र सुरू होते. ऊसतोडणी मजूर, विशेषतः बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून येणारे, मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि टनावर काम करतात. त्यांचे एकक दिवस नव्हे आणि माणूसही नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. एकाच्या अंगात ताकद उरली नाही तर जोडीचे टन घटतात आणि उचल फिटत नाही; एक दिवस गेला तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे कापले जातात. १९२३ च्या कायद्यातील शेतकामाचा उल्लेख यंत्राने चालणाऱ्या शेतीपुरता होता, आणि प्रासंगिक कामगारांना वगळणारे शब्द २००० साली निघाले. तरी मुकादम आणि कारखाना यांपैकी मालक कोण, हा प्रश्न सुटलेला नसल्याने कोयत्याने पाय कापून घेतलेल्या मजुराच्या हाती भरपाई क्वचितच पडते. मग त्याच्यासाठी उरते ते १९८० साली महाराष्ट्राने सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दार.

अनुदान हे भरपाईही नव्हे आणि लाभही नव्हे. कामाशी त्याचा संबंधच नाही. संबंध आहे तो निराधारपणाशी. म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याबरोबर उत्पन्नाचा दाखलाही तहसील कार्यालयात द्यावा लागतो. बराच काळ कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयांहून कमी. येथे वजाबाकी नाही आणि दिवसही नाही. एक उंबरठा आहे. उंबरठ्याच्या आत आहे तोवर संपूर्ण अनुदान, एक पाऊल बाहेर पडले की काहीच नाही. शिवाय उत्पन्न कुटुंबाचे मोजले जात असल्याने अपंग माणसाच्या अर्ध्या रोजामुळेच नव्हे, तर त्याच्या मुलाच्या कमाईमुळेही तो ‘निराधार’ राहत नाही. अनुदानाची रक्कम २०२३ मध्ये मासिक १,५०० रुपये झाली, २०२५ मध्ये अपंग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय झाला. रक्कम वाढली ही समाधानाची बाब आहे. परंतु रक्कम जितकी वाढेल तितका उंबरठा ओलांडण्याचा तोटाही मोठा होतो, ही गोष्ट रकमेच्या चर्चेत सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. सांख्यांच्या अंध-पंगू न्यायात आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मिळून वाट चालतात. त्या दोघांना तहसील कार्यालयात जायचे असते तर प्रत्येकाच्या उत्पन्नात दुसऱ्याची कमाई धरली गेली असती, हे गमतीने म्हटले तरी वस्तुस्थितीपासून फार दूर नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ आणि १९४८ हे दोन्ही कायदे आपल्या पोटात घेतले, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दोन व्यवस्था एकाच ग्रंथात आल्या, तेव्हा त्यांतील विसंगतीचा विचार होण्यास ती उत्तम संधी होती. प्रत्यक्षात विमा चौथ्या प्रकरणात आणि नुकसानभरपाई सातव्या प्रकरणात अशा त्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखान्यांची वगळणूक पूर्ववत राहिली, आणि भरपाईच्या प्रकरणात पंधरवड्याची रक्कम व तिच्यावरील जुने परंतुकही आले. त्यामुळे नीरेकाठच्या साखर कारखान्यात हंगामाच्या ऐन भरात जायबंदी झालेला कामगार काट्यावर बसून अर्धा रोज करू लागला, तर त्याच्या भरपाईचा हिशेब १९२३ साली लिहिलेल्या त्याच वजाबाकीने होतो.